तिसरं खत

त्या वर्षी तात्यांच्या शेतात तंबाखू अशी काही माजली, की रस्त्यानं जाणारा माणूस घटकाभर थांबल्याशिवाय पुढे जात नसे. सुपाएवढं पान, मनगटाएवढं खोड. एखाद्या झाडाच्या आडोशाला कोंबडी पिलांसकट बसली असती तरी दिसली नसती. तात्या बांधावर काठी टेकून उभे राहत, कौतुक ऐकत आणि कुणी फारच वाखाणलं तर म्हणत, "हाताला गुण आहे, दुसरं काय." सत्तरी ओलांडलेला माणूस, पण तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा नवरदेवासारखा खुलायचा.

त्यांच्या सुनेला मात्र ते कौतुक ऐकवत नव्हतं. ती खाली वाकून पानांच्या बेचक्यातले फुटवे खुडत असायची आणि वरून ते शब्द कानावर पडले की आणखी खाली वाकायची. शेंडे खुडून बरेच दिवस झाले होते. एव्हाना तळची पानं उतरायला हवी होती. पान उतरतं म्हणजे त्याचा हिरवा रंग फिका पडतो, अंगावर पिवळे ठिपके धरतात, कडा खाली वळतात आणि दुमडलं तर ते कटकन मोडतं. इथं तळचं पानही शेंड्याच्या पानासारखंच काळंभोर हिरवं, आणि दुमडावं तर ओल्या फडक्यासारखं हातात लोंबायचं. त्यात आभाळानं वैर धरलेलं. धड कोसळत नव्हतं, धड उघडत नव्हतं. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं ते कितीतरी दिवस डोक्यावर बसून होतं.

"मामंजी, पान उतरत नाही अजून," ती एकदा म्हणालीच.

"उतरेल की. एवढं मोठं पान, त्याला वेळ नको? धडधाकट माणूस कधी लवकर म्हातारा होतो का?" आपल्याच बोलण्यावर तात्या खुश होऊन हसले. मग तीही हसली.

या हंगामावर तिनं आपला शब्द टांगला होता. तिचा नवरा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होता. पहाटे जायचा, दुपार कलल्यावर यायचा. गेल्या वर्षी तात्या विहिरीवरची मोटर बंद करायला विसरले आणि विहिरीनं तळ दाखवला. पुढं एकदा ते बाजाराला म्हणून गेले ते भलत्याच बसमध्ये बसले, आणि कंडक्टरनं त्यांना संध्याकाळी घरी आणून सोडलं. तेव्हा नवरा म्हणाला, "आता बस झालं. बाबांना ताईकडे पाठवू. शेत वाट्यानं देऊन टाकू." ताई म्हणजे तिची नणंद, शहरात वरच्या मजल्यावर राहणारी. तात्या तिच्याकडे पूर्वी एकदा राहून आले होते. रोज सकाळी उठून, बाहेर जायचं दार कुठं आहे म्हणून विचारायचे.

"एक हंगाम द्या," ती नवऱ्याला म्हणाली होती. "मी आहे ना त्यांच्याबरोबर. काही चुकलं तर तुम्ही म्हणाल तसं."

सासऱ्यासाठी सून एवढी का झटते, असं शेजारीपाजारी विचारत. त्यांना काय ठाऊक. ती या घरात आली तेव्हा तंबाखूचं रोप आणि वांग्याचं रोप यातला फरक तिला कळत नव्हता. तिच्या माहेरी बाप मुलींशी बोलतच नसे. इथं या माणसानं काठीनं एकेक पान दाखवत, न रागावता, तिला सगळं शिकवलं. पुढे वर्षांमागून वर्षं गेली, घरात पाळणा हलला नाही आणि नात्यातल्या बायका तोंडं चालवायला लागल्या, तेव्हा तात्या अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले होते, "माझ्या सुनेच्या हातची रोपं बघून या आधी, मग बोला." नवराही त्या दिवशी गप्प बसला होता. बोलले ते एकटे तात्या. ते ती विसरणं शक्यच नव्हतं.

आणि आता काय चुकलं होतं, तेही तिला ठाऊक होतं.

त्या घरात तंबाखूला खत दोनदाच देत. एकदा रोपानं जीव धरल्यावर, एकदा ते गुडघ्याला लागल्यावर. पत्र्याच्या डब्यात पांढरं खत घ्यायचं, प्रत्येक झाडाला मूठभर, खोडापासून वीतभर लांब गोल पसरायचं आणि खुरप्यानं वर माती ओढायची. ओळ पुरी झाली की तिच्या पहिल्या झाडाचं तळचं पान मोडायचं आणि ओळीच्या तोंडाशी पालथं घालून वर ढेकूळ ठेवायचं. पालथं पान म्हणजे ही ओळ जेवली. तात्यांच्या वडिलांपासूनची ही रीत. दोन माणसं दोन टोकांनी काम करत असली तरी एकमेकांना हाका मारायला नकोत. ते पान यथावकाश कुजून मातीत जायचं, पण तोवर काम उरकलेलं असायचं. आपण खत कधी दिलं, हे काय माणूस विसरतो?

माणूस विसरला. दोघांनी मिळून दुसरं खत दिलं आणि लगेच तिला माहेरी जावं लागलं. आई घसरून पडली होती, पाय मोडला होता. ती तिकडे असताना इकडे पाऊस झाला आणि ओळींच्या तोंडची पानं कुजून गेली. तात्या शेतात आले, त्यांनी एकेका ओळीच्या तोंडाशी वाकून पाहिलं, पालथं पान कुठंच नाही. म्हणजे दुसरं खत राहिलंच की. मक्यासाठी म्हणून छपरात ठेवलेली खताची पोती त्यांनी बाहेर काढली आणि त्या वयात, त्या कमरेनं, एकट्यानं सगळं शेत जेवू घातलं.

ती परत आली तेव्हा तिला बांधावरूनच दिसलं. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी ताजं हिरवं पालथं पान, वर ढेकूळ. तात्या खाटेवर कंबर चोळत बसले होते.

"तू नव्हतीस ना, म्हणून एकट्यानं उरकलं," ते म्हणाले. "दुसरं खत राहिलं होतं." एखादा मुलगा पहिला नंबर सांगतो, तसे ते तिच्याकडे बघत होते.

"बरं केलंत," ती म्हणाली. मग शेतात जाऊन तिनं ती सगळी पानं ओटीत गोळा केली आणि शेणखताच्या खड्ड्यात पुरून टाकली. मक्याचं खत कुठं गेलं, असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा ओल लागून त्याचे खडे झाले, टाकून दिले, असं तिनं सांगून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकता येते, उभं पीक झाकता येत नाही.

एके दिवशी सकाळी दव फार होतं. ती फुटवे खुडायला शिरली आणि बघता बघता गळ्यापर्यंत भिजली. ओल्या तंबाखूचं पाणी कातडीतून आत जातं. आधी डोकं जड झालं, मग तोंडाला पाणी सुटलं, मग ती कशीबशी बांधावर आली आणि गुडघ्यांवर बसून ओकली. नेमक्या त्याच वेळी पलीकडच्या शेतात मजुरीला निघालेल्या बाया रस्त्यावरून चालल्या होत्या.

"काय गं, गोड बातमी वाटतं?" एकीनं विचारलं.

"एवढ्या वर्षांनी?" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. त्यांच्या मनात तसं काही वाईट नव्हतं, चालता चालता केलेली थट्टा ती.

"तंबाखू लागलीय," ती म्हणाली. तिनं बाहीनं तोंड पुसलं, तर बाहीचा चिकट चीक ओठांना लागला आणि सगळं तोंड कडू झालं.

तात्या काठी टेकत पाण्याचा तांब्या घेऊन आले. "हिला ओलं पान सोसत नाही," ते रस्त्याकडे बघत मोठ्यानं म्हणाले. "पहिल्या वर्षीसुद्धा असंच झालं होतं. याच बांधावर." मग बांधाकडेच्या झाडाचा हिरवा टोमॅटो त्यांनी तोडला, मध्ये फोडला आणि तिच्या हातात दिला. तंबाखूचा काळा चीक हातावरून साबणानं निघत नाही, कच्च्या टोमॅटोनं निघतो. ती हात चोळत राहिली. कधीचं काय आठवतं यांना, तिला वाटलं, आणि कालचं आठवत नाही. तिला रडूच आलं. ते मळमळीनं आलं असेल असं तात्यांना वाटलं.

त्या वर्षी पान घेणाऱ्या कंपनीनं नवीन नियम काढला होता. तोडणीआधी त्यांचं माणूस शेतात येऊन पान तपासणार, आणि पास झालं तरच घेणार. तपासायला एक तरुण बाई आली, पायात रबरी बूट, खांद्याला पेटी. त्या दिवशी नवऱ्याला सुट्टी होती. शेजारच्या शेताचा मालकही बरोबर आला होता. सगळे त्याला बोलघेवडा म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. त्याचं शेत आधी तपासून झालं होतं. "आमचं पास झालं तात्या," तो सांगत होता. "जरासं निळं झालं, तेवढं चालतंय म्हणाल्या बाई. आता तुमचं म्हणजे काय, बघायलाच नको."

तात्यांनी बाईंना मुद्दाम सगळ्यात मोठ्या झाडापाशी नेलं. "हे बघा. असं पान अख्ख्या नोकरीत बघितलं नसेल तुम्ही."

"खरंच नाही बघितलं, काका," बाई म्हणाली. पण तिचा चेहरा काही खुलला नाही. तिनं तळचं पान तोडलं, पात्यानं मधली जाड शीर तिरकी कापली आणि लहानशा बाटलीतला एक थेंब त्या कापावर सोडला. थेंब पाण्यासारखा होता. तो पसरायच्या आधीच निळा झाला, आणि बघता बघता दौतीतल्या शाईसारखा गडद.

"चांगल्या पानावर शाई कशाला टाकताय?" तात्यांनी विचारलं.

"शाई नाही काका. हे औषध आहे. निळं जे करतंय ते पानातलं आहे."

तिनं दुसऱ्या ओळीतलं पान घेतलं, मग शेताच्या पार दुसऱ्या टोकाचं. सगळीकडे तेच.

"काय आहे ते?" नवऱ्यानं विचारलं.

"नायट्रेट. आपण पांढरं खत देतो ना, झाड ते मुळानं ओढतं आणि वर पानात पाठवतं. ऊन असलं की पान ते पचवतं, त्याचंच अंग बनतं. पण ऊन नाही आणि खत ढीगभर, म्हणजे जेवण वाढतच राहायचं आणि चूल बंद, असं होतं. मग ते तसंच पानात साठत जातं, सगळ्यात जास्त या शिरेत. असलं पान लवकर पिकत नाही. वाळवलं तरी काळपट राहतं. आणि जळताना त्याचा धूर नेहमीपेक्षा जास्त विषारी होतो. कंपनी घेत नाही ते." मग तिनं तात्यांकडे बघून हळूच विचारलं, "काका, खत किती वेळा दिलंत?"

"दोनदा," तात्या म्हणाले. "आमच्या घरात दोनदाच देतात. अति तिथं माती. तिसऱ्यांदा देतो त्याला शेतकरी म्हणत नाहीत."

"दोनदा दिल्यानं इतकं निळं होत नाही, काका."

बाईचा आवाज चढा नव्हता, उलट समजुतीचा होता. पण सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. तो बापाकडे बघत होता. त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. आता तो मक्याच्या खताची आठवण काढणार, आत्ता काढणार.

"मी दिलं," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"माहेरून आल्यावर. झाडं फिकी वाटली म्हणून मक्याचं खत घातलं. कुणाला विचारलं नाही."

तात्यांचा आवाज आला तो तिनं त्या घरात कधी ऐकला नव्हता. "कुणी सांगितलं होतं तुला? शीर कशी असते, पान कसं उतरतं, सगळं शिकवलं तुला मी. हाताला धरून पोरीसारखं शिकवलं. पालथ्या घड्यावर पाणी! आजपासून या शेतात पाय ठेवायचा नाही. ऐकलंस? पाय ठेवायचा नाही."

"बाबा, जाऊ द्या," नवरा म्हणाला.

ती मान खाली घालून उभी होती. परक्या बाईसमोर, शेजाऱ्यासमोर. कानशिलं तापली होती. पण नवऱ्याच्या आवाजातला ताण गेलाय, हेही तिला त्याच वेळी कळलं. चूक बापाची नव्हती, बायकोची होती. बायकोला काही कुणी शहरात पाठवत नाही. तिला हवं होतं ते मिळालं होतं.

"आता तोडू नका," पेटी बंद करताना बाई म्हणाली. "खत तर अजिबात देऊ नका. ऊन पडलं की झाड साठलेलं पचवायला लागेल. पानं पिवळी व्हायला लागली की मला बोलवा. अजून सगळं हातचं गेलेलं नाही."

जेवताना नवरा म्हणाला, "तू एवढी जाणती, आणि असं कसं केलंस?"

"झालं खरं."

"मला वाटलं बाबांनीच घोटाळा केला."

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. मग जरा ओशाळला. "म्हणजे बरं नाही झालं. पण तरी."

त्यानंतर ती छपरात बसून काम करायची. पानं ओवायच्या काठ्या तासायच्या, सुतळीचे तुकडे करायचे, त्या काठ्या टांगायच्या मोडक्या कैच्यांना टेकू द्यायचा. तात्या शेतात एकटे. ती बांधापर्यंत त्यांचं जेवण न्यायची, ठेवायची आणि परत फिरायची. ते तिच्याकडे बघायचे नाहीत. तिला वाटलं होतं, चार दिवसांत विसरतील. बाकी सगळं त्यांच्या डोक्यातून निसटत होतं, एकदा तर त्यांनी मुलालाच विचारलं की टँकर कुणाचा आहे. पण राग तेवढा चिकटून राहिला. कशाचा राग ते विसरायला लागले, पण या पोरीनं शेताचं काहीतरी वाईट केलंय, एवढं त्यांच्या मनात पक्कं बसलं. एकदा तिनं डबा ठेवता ठेवता विचारलं, "मामंजी, भाजीत मीठ बरोबर होतं का कालच्या?" तेव्हा ते दुसरीकडे बघत म्हणाले, "तुला काय विचारायचं ते तुझ्या नवऱ्याला विचार."

आणि मग आभाळ उघडलं. एका सकाळी ऊन पडलं, दुसऱ्या दिवशी पडलं, पडतच राहिलं. चिकट ओल गेली, माती तडकायला लागली. तिनं बांधावरून डोळ्यांवर हात धरून बघितलं. तळच्या पानांवर पिवळे ठिपके धरत होते. आणखी काही दिवसांनी ते मधल्या पानांवर चढले. कडा खाली वळल्या. सगळं शेत आतून उजेड लागल्यासारखं फिकं दिसायला लागलं. आत जाऊन पान दुमडून बघावं, कटकन वाजतंय का ऐकावं, असं तिला फार वाटलं. पण पाय ठेवायचा नाही म्हटलं होतं. ती बांधावरच उभी राहून रडली, आणि मग आपल्यालाच हसली.

नवऱ्यानंही संध्याकाळी येऊन बघितलं. पान हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "निघालं म्हणायचं यातून," तो म्हणाला. "बाईंना फोन केलाय. येतील दोनचार दिवसांत. तोवर मी मशागतीला माणूस बघतो, पुढच्या वर्षी तुम्हा दोघांना एकट्यांना झेपायचं नाही."

"पुढच्या वर्षी?"

"मग? बाबा आहेत तोवर तंबाखू आहेच की."

त्या रात्री कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन बांधावर गेली. तात्या शेताच्या पार शेवटच्या टोकाला वाकलेले दिसले. फुटवे खुडत असतील. मग तिची नजर खाली गेली. पहिल्या ओळीच्या तोंडाशी पिवळसर पान पालथं पडलं होतं. वर ढेकूळ. दुसऱ्या ओळीच्या तोंडाशीही होतं. पुढे बघत गेली तशी पानंच पानं. चहाचा पेला तिच्या हातातून कधी पडला, कळलंही नाही. ती शेतात शिरली.

"मामंजी, काय करताय?"

तात्यांच्या एका हातात पत्र्याचा डबा होता. कपाळावरून घाम निथळत होता. बऱ्याच दिवसांनी त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "तू जे केलं नाहीस ते. झाडं उपाशी मारलीस तू. बघ, पिवळी पडली सगळी. पहाटेपासून एकेका ओळीच्या तोंडाशी बघत आलो, एक पालथं पान नाही. खत दिलेलंच नाही तू. एकदासुद्धा नाही."

ती पानं तिनंच वेचली होती. तिनंच खड्ड्यात पुरली होती.

"मामंजी, पान उतरतंय हो ते. पिकतंय. हात लावून बघा."

"मला शिकवतेस? उपाशी झाड मला कळत नाही?"

डोळे मिटून, नुसत्या बोटांनी पिकलं पान ओळखणारा माणूस तो. ती खाली बसली आणि झाडाच्या बुडाची माती दोन्ही हातांनी उकरून खताचे पांढरे दाणे ओंजळीत गोळा करायला लागली. एका झाडाचे, दुसऱ्याचे. दाणे ओले होते. बोटांना लागताच विरघळत होते. तेव्हा तिला पाण्याचा आवाज ऐकू आला. पहाटे आधी खत घातलेल्या ओळींना तात्यांनी पाणी सोडलं होतं.

"काय करतेस तू? तोंडचा घास काढतेस झाडाच्या?" तात्या ओरडले आणि त्यांनी तिचा दंड धरून तिला ओढलं. ती सोडेना. ते ओढत राहिले. तिच्या मुठीतला चिखल दोघांच्या अंगावर उडाला. त्यांच्या हातात अजूनही एवढी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं.

दुधाच्या फेरीवर त्याच रस्त्यानं चाललेला टँकर थांबल्याचं तिला कळलं नाही. नवरा आला तो थेट वाफे तुडवत आला. त्यानं बापाचा हात तिच्या दंडावरून सोडवला, दुसऱ्या हातातला डबा काढून घेतला, त्यात काय आहे ते बघितलं. मग ओळींच्या तोंडाकडे बघितलं. मग तोही खाली बसला आणि माती उकरायला लागला. थोड्या वेळानं तो थांबला. सगळं शेत उकरायला किती माणसं लागली असती, आणि पाणी तर पुढे पुढे जातच होतं.

खत बोलघेवड्याकडून आणलेलं निघालं. "तात्यांनी मागितलं, मी नाही कसं म्हणू?" तो सांगत होता. "एवढा जाणता माणूस."

तात्या खाटेवर झोपले होते. दमले होते. दोघं छपरात रिकाम्या कैच्यांखाली बसली.

"तेव्हाही त्यांनीच ना?" नवऱ्यानं विचारलं.

ती नखांतली माती काढत बसली.

"मक्याच्या खताला ओल लागली नव्हती."

"नाही."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर?"

"तर पाठवलं असतं त्यांना," तो म्हणाला. "आणि तू शेतात असतीस आज. पीक तरी वाचलं असतं."

ते खरं होतं. त्यानं ते रागानं म्हटलं नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. तिनं त्यांना वाचवायला स्वतःवर घेतलं, म्हणून ती शेताबाहेर गेली. ती शेताबाहेर गेली, म्हणून त्यांचा हात धरायला कुणी उरलं नाही. कुठूनही बघितलं तरी ते फिरून तिच्यापाशीच येत होतं.

"आता?" त्यानं विचारलं.

"म्हटलं होतं ना मी," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

पिवळं पडत आलेलं शेत पुन्हा हिरवं व्हायला लागलं. तात्या रोज बघून खुश होत. "आता कशी तरारली," ते म्हणत, आणि तिच्यावरचा राग त्यांनी तेव्हाच सोडला. तिच्याशी पुन्हा बोलायला लागले, पुन्हा पोरी म्हणायला लागले. कंपनीची बाई आली. तिनं एकच पान कापलं, एकच थेंब सोडला आणि बाटलीचं बूच लावलं. दुसरं झाड तिनं बघितलंच नाही. "यातलं काही गुरांपुढंही टाकू नका," जाताना ती हळू आवाजात म्हणाली. नवऱ्यानं माणसं लावून झाडं उपटली आणि बांधाच्या कडेला ढीग घातला. तात्यांना त्या दिवशी ती मुद्दाम विहिरीपलीकडे भाजी खुडायला घेऊन गेली होती.

ताईला बरं नाही, थोडे दिवस तिच्याकडे राहून या, असं तात्यांना सांगितलं होतं. ते लगेच तयार झाले. तिनं त्यांचे सदरे धुऊन, घड्या घालून पिशवीत भरले. थांब्यावर पाचसहा माणसं बसची वाट बघत होती, बोलघेवडाही त्यातच होता. नवरा बरोबर जाणार होता, सोडायला.

बस लांबून दिसली तेव्हा तात्यांनी मुलाला जवळ बोलावलं. मोठ्यानंच बोलले, नेहमीसारखे. "हे बघ, हिला बोल लावू नकोस. झाडं उपाशी ठेवली हिनं, कबूल. पण मनानं वाईट नाही पोरगी. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालं तिचं. घाबरली असेल खताला."

"हो बाबा," नवरा म्हणाला. त्याला मान वर करवत नव्हती.

मग तात्या तिच्याकडे वळले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताची बोटं चिकानं काळी होती, तशीच राहिली होती, कितीही धुतली तरी. "रडतेस कशाला? एका पिकानं काही होत नाही. मी आलो की पुन्हा नीट शिकवीन तुला."

थांब्यावरची माणसं ऐकत होती. बस येऊन उभी राहिली होती. तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"चुकलं माझं, मामंजी."

"असू दे, असू दे," तात्या म्हणाले. "मी मनात ठेवलं नाही काही."

ते खरंच होतं. त्यांनी तिला अगदी मनापासून माफ केलं होतं, बसच्या खिडकीतून बघतानाही ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं मान हलवली आणि ती माफी घेतली.